लाल टिकली

रुवीच्या खोलीत आम्ही तिघं, एक एसी.
शिजो म्हणाला, सुरुवातीला फुकटचंच घे.
एक होतं तीस दिवसांचं,
व्हिजिट व्हिसासारखं. मग पैसे भर, नाहीतर नीघ.
दुसऱ्यात नुसती बटणं,
आमच्या सबस्टेशनच्या पॅनेलवरही एवढी नाहीत,
आणि तिथं निदान ‘धोका’ लिहिलेलं असतं.

तिसरं उतरवून घेतलं. करडं, जुनाट.
एक लाल टिकली, एक आडवी रेघ.
रेघ म्हणजे तू, शिजो म्हणाला.
आधी तिला थोडी शांतता दे,
म्हणजे काय पुसायचं ते कळेल.

एसी बंद केला. ऑगस्ट.
तफज्जुल उठून बसला, बोलला काही नाही.
बनियन काढून वारा घेऊ लागला,
मग त्याचाही आवाज येतो म्हणून थांबला.

लेकीला शाळेसाठी माशांची नावं हवी होती,
आमच्या वेंगुर्ल्याची.
पेडवे, सौंदाळा, शेंगटी
आणि मुडदुशीला जीभ अडली.
चार वर्षांत तोंडात आली नव्हती,
ना मासळी, ना नाव.

दोघंही निथळत बघत होते.
पुन्हा म्हण, शिजो कुजबुजला. घाई नाही.

रेघ उठली, बसली.
फाइलला नाव काय, ते विचारत होतं.
मी आधी एसी लावला.