अळणी

झुवैनाबाईंच्या अंगणात चौदा मांजरं.
डबा वाजला तशी तेरा धावत आली.
एक पाण्याच्या पातेल्याशीच बसून राहिली,
पीत, थांबत, पुन्हा पीत,
कुणी विहीर उपसायला लावल्यासारखी.

“ती नको,” बाई म्हणाल्या,
“नऊ वर्षांची आहे. मूत्रपिंडं गेलीत.
आधीचे लोक देश सोडताना
पायपुसण्यासकट दाराबाहेर ठेवून गेले.
पिल्लू ने. पिल्लं लळा लावतात.”

मी काय उत्तर दिलं, आठवत नाही.
एवढं आठवतं, की बरक्याच्या रस्त्यावर
शेजारच्या सीटवरची टोपली एकदाही ओरडली नाही,
आणि मी एसीची झडप तिच्यावरून बाजूला वळवली.

नाव ती घेऊनच आली होती. लुबान.
धुपाचं नाव, धुराचा रंग,
शेपटीत एक जुनी गाठ, तिची हकिगत कुणालाच ठाऊक नाही.

मी पाणी गोड करतो.
म्हणजे कारखान्यात आहे, दुपारपाळीला.
समुद्र आत घ्यायचा, पडद्यांवर रेटायचा,
मीठ एकीकडे, पाणी एकीकडे.
पडदे तुंबले की काटा लाल रेघेकडे सरकतो,
मग आम्ही नग बदलतो.
डॉक्टर कागदावर चित्र काढून समजावू लागला
तेव्हा मीच म्हणालो, गाळण्या.
“हो,” तो म्हणाला, “पण सुटे भाग मिळत नाहीत.”

किती दिवस, विचारलं.
महिने. कदाचित दोन वर्षं.
आकडा ओळखीचा वाटला.
माझ्या रहिवासाच्या कार्डावरही तेवढाच असतो,
आणि तोही रक्त तपासूनच देतात.

हेमांगी फोनवर पहिल्यांदा काहीच बोलली नाही.
मग म्हणाली,
“इथं होतास तेव्हा आईंची एक गोळी
तुझ्या लक्षात राहिली नाही कधी.”
खरं आहे.
थोड्या वेळानं तिनंच विचारलं,
“सुई केवढी असते रे?”

एक दिवसाआड, पाळीवरून आल्यावर,
सलाईनची पिशवी खिडकीवरच्या खिळ्याला,
दिवाळीत जिथं कंदील असतो तिथं.
मानेमागची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा,
तंबूच्या दारातून सुई.
पहिल्या रात्री तीनदा चुकलो.
पाणी तिच्या लोकरीवरून माझ्या मनगटावर आलं,
का कोण जाणे, जिभेला लावून पाहिलं.

खारट.
दिवसभर ज्याला हाकलतो
तेच रात्री मोजून आत सोडायचं,
शंभर मिली, कोमट करून.

नंतर ती खांद्यावर छोटी पखाल घेऊन
घरभर फिरते. रागावलेली. थोडी तिरकी.
कपाटामागे जाते आणि तिथून मला बघते.

जेवण अळणी. उकडलेली कोंबडी, भोपळ्याचा गर.
सुरमई तळली की ओट्याखाली येऊन उभी राहते,
मागत नाही, फक्त नाक वर.
तेव्हापासून सुरमई बंद.
दोनदा शिजवायचा कंटाळा म्हणून मीही तेच खातो.
डब्यातला घास घेऊन बिजू म्हणाला,
“चेट्टा, दिवसाला एवढं मीठ काढतो आपण,
चिमूटभर घरी न्यायला काय झालं?”

मांडीवर बसत नाही अजून.
म्हणतात, मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही.
असू दे.
घर तरी कुठं माझं आहे, कंपनीचं आहे.

काल यायला उशीर झाला, दीड वाजला.
दार उघडलं, दिवा लावायला हात नेला
आणि अंधारात आवाज आला
लप, लप, लप,
मी गाळलेलं पाणी, बहुतेक मंगळवारचं.

बूट हातात धरून उभा राहिलो
तिचं पिऊन होईपर्यंत.