शपथ झाली

महापुराचं पाणी उतरल्यावर
अनुसया घस्ते यांची ट्रंक
लक्ष्मीपुरीत रद्दीवाल्याच्या काट्यावर चढलीसुद्धा होती.
भाच्यानं वजन पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक,
कॉलेजच्या ग्रंथालयाला फोन लावला.
मला धाडलं, कारण मी रोजंदारीवर,
आणि इतरांच्या घरात अजून चिखल होता.

चिखल ट्रंकेतही होता.
वाचनकक्षात सुतळ्या बांधून
मी एकेक पान चिमट्याला लावलं, पंख्याखाली.
आठवडाभर खोलीला पंचगंगेचा वास.

दिवटी भगिनी मंडळ.
दसरा चौकामागचं बोर्डिंग, अकरा मुली, एक कंदील.
खर्चाच्या वहीतली पहिली नोंद:
माठ एक, सहा आणे.
खाली: झाकणी, एक आणा.
बोर्डिंगात माठ आधीपासून होता.
त्याला यांचा हात चालत नव्हता,
हे वहीत कुठंच नाही. फक्त माठ आहे.

नियम तिसरा:
नवीन बहिणीस आडनाव विचारू नये.

मग एक वेगळी वही, पुठ्ठा फुगलेला,
'मुलाखतीचे पातळ'.
आंबा रंगाचं एकच पातळ, बत्तीस जणींनी नेसलेलं.
नेले तारीख. आणले तारीख. शेरा.
सरस्वती, मिरज दवाखाना: नोकरी लागली.
बायना, शाळा खाते: लागली, काठ उसवला.
हौसा, टेलिफोन: नाही.
हौसा, टेलिफोन: नाही.
हौसा, टेलिफोन: लागली. पेढे वाटले. पातळावर तुपाचा डाग.

आणि इतिवृत्तात, बारीक अक्षरात:
'गोदूची शाळा सासऱ्याने बंद केली. दोघी जाऊन आल्या.
दार उघडले नाही.
पुढील रविवारी चौघींनी जाणे.'
पुढच्या रविवारचं पान पाण्यानं नेलं.
मी ते कोरं ओलं पान पण वाळवलं.

दोनशे चौदा सभा.
प्रत्येक सभेच्या माथ्यावर दोन शब्द:
शपथ झाली.
कसली, ते नाही.
मी तीन महिने शोधलं.
पाकिटांच्या आत, फोटोंच्या पाठीवर, पातळाच्या वहीच्या अस्तरात.

शेवटी कसबा बावड्याला गेले.
छबूताई आवळे, नव्वदीच्या पुढं,
खाटेवर बसून शेंगा सोलत होत्या.
मी पिशवीतून मोजे काढले, पांढरे, सुती,
हातात चढवले, मग वही उघडली.

शेंगा थांबल्या.
"आमच्या वहीला हात लावायला मोजं घालतीस व्हय गं?"

म्हटलं, कागद जपायला, ताई. हाताला तेल असतं, घाम असतो.
"आमच्याबी हाताला हुतं की," म्हणाल्या.
"त्याच हातानं लिवलंय सगळं."
आणि हसल्या, खोकला येईपर्यंत.

मी मोजे काढले.
उघड्या बोटांना पान लागलं, खरखरीत,
पुराची बारीक रेती अजून त्यात.

शपथेचं विचारलं.
"लिवून ठिवायला आमी काय येड्या हुतो?
कागद कुणाच्याबी हाताला लागतोय."
थोड्या वेळानं: "तुजं नाव हाय का वहीत?"
नाही.
"मग?"

जुन्या कागदावर नवी खूण करायची नाही,
हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात.
खिशात शिसपेन्सिल होती फक्त.
त्यांनी आडनाव विचारलं नाही.
शेवटच्या पानावर, एकशे सव्वीस नावांखाली,
बोट ठेवून जागा दाखवली.

मग सुनेला म्हणाल्या, चहाला दूध बघ जा,
आणि माझा कान जवळ ओढला.
तोंडाला शेंगदाण्याचा वास होता.

सूची गेल्या सोमवारी पूर्ण केली.
पेटी चार, वही सात, पाने एकशे बारा, पूरबाधित.
शपथेचा मजकूर: या संग्रहात नाही.
तेवढं खरं आहे.

शेवटच्या पानाचं वर्णन मात्र साहेबांनी अजून वाचलेलं नाही.
एकशे सत्तावीस. सुचेता.
वर्गणी चार आणे, बाकी.