अकराव्या मिनिटाला

अकराव्या मिनिटाला तो विझतो.
कुरकुर नाही, इशारा नाही,
नुसतं टक्,
आणि खोलीत फ्रिजचा आवाज एकदम मोठा होतो.

टार्व्होने ब्रेमेनहून यादी पाठवली होती.
सहा खोकी आली फेब्रुवारीत,
एमायगी नदी गोठून
कुणी न वापरलेल्या रस्त्यासारखी पडली होती तेव्हा.
"आई, ईस्टरला येतोच आहे. तोवर हात लावू नकोस."
मी लावला.
चाळीस वर्षं हातमोजे विणलेत मी, पाच सुयांवर,
अंधारात अंगठा वळवलाय.
स्क्रूचं काय कौतुक मला?

पंखे पहिल्यांदा फिरले
तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन
एकटीच टाळ्या वाजवून आले.
मग अकरावं मिनिट.

रॅम काढली, पुसली, दुसऱ्या खणात घातली.
प्रोसेसरवरची पेस्ट खरवडून पुन्हा लावली,
मोहरीएवढी.
तापमान पाहिलं: एकेचाळीस.
सौनात एवढ्यावर कुणी कोटही काढत नाही.
पॉवर सप्लाय बदलून आणायला गेले,
तर दुकानातला रेइगो मान वर न करता म्हणाला,
"जोडलाय कुणी?"
"मी."
तेव्हा केली त्याने मान वर.

नव्या सप्लायवरही
अकराव्या मिनिटाला टक्.

संध्याकाळी सातला मी टार्व्होला फोन करते. रोज.
जेवलास का, टोपी घातलीस का, खोकला गेला का.
कॉम्प्युटरबद्दल काही बोलले नाही.
तोही बराच वेळ काही बोलला नाही.

तळमजल्यावरचा हिलार वर आला, मोज्यांवर,
हातात टॉर्च.
एकतीस वर्षं या वस्तीतल्या लिफ्टा दुरुस्त केल्या त्याने,
अजून जिना चढतो.
म्हणाला, "एका वेळी एकच बदल, उर्वे.
नाहीतर एक ना धड, भाराभर चिंध्या."
मग विचारलं,
"विझल्यावर लगेच चालू केला, तर किती टिकतो?"

हे मी मोजलं नव्हतं.

मोजलं. चार मिनिटं.
परत लगेच: दोन.
तासभर गार बाल्कनीत ठेवला, आत आणून पुसला,
आणि पुन्हा अकरा.
"म्हणजे काहीतरी तापतंय," हिलार म्हणाला,
"जिथे कुणी थर्मामीटर लावलेला नाही."

विणकामात चूक सापडेना, की शोधत बसू नये.
उसवावं.
मी सगळं उसवलं.
बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला, नागडा,
तारा टेबलावरून लोंबत,
आणि तो चालला.
बारा मिनिटं. चाळीस. रात्रभर.
मी शाल घेऊन शेजारी बसले होते,
तापातल्या मुलाजवळ बसावं तशी,
फक्त याला ताप नव्हता.

सकाळी रिकाम्या पेटीत टॉर्च मारला.
बोर्डाला भोकं आठ.
पेटीत पितळी टेकू नऊ.

मधोमध एक. त्याच्यावर भोकच नव्हतं.
गार असताना केसभर अंतर राखून उभा,
बोर्ड तापला, जरासा वाकला,
की हा खालून आधार द्यायला हजर,
आणि दिवे बंद.
कुणी बसवला होता?
मीच. डबीत एक उरला होता,
वाटलं, असू दे, मधे जरा बळकटी.

पक्कडीने काढला.
करंगळीच्या नखाएवढा.
बटणांच्या बरणीत टाकला, किणकिणला.

आज दुपारपासून मी मुहू बेटाची नक्षी काढते आहे पडद्यावर,
केशरीवर गुलाबी, घरामागून घर.
तो चालू आहे. मोजणं मी केव्हाचं सोडलं.
सात वाजले ते खिडकीतल्या काळोखावरून कळलं,
आणि हात नक्षीतच राहिला.

सात वीसला फोन वाजला.
"आई? सगळं ठीक आहे ना?"
"चालू आहे," मी म्हटलं.
"काय चालू आहे?"
एक घर भरायचं होतं.
ते भरलं,
मग सांगायला घेतलं.