हरताळ

अठराशे ब्याऐंशीच्या गड्ड्यात, नंदीध्वज रस्त्यात असताना,
पेंटय्या रंगारी ओकत ओकत मेला.
बरणी मुंबईला गेली.
मुंबई म्हणाली : सोमल.

‘घरात विष होतं?’
बालम्मा म्हणाली, ‘रंगाऱ्याचं घर, साहेब.
हरताळाशिवाय नीळ उतरते का?’
दुभाष्यानं तेलुगूचं मराठी केलं,
शिरस्तेदारानं मराठीचं इंग्रजी.
त्यात प्रश्नचिन्ह गळालं.

एक असेसर हो म्हणाला, एक नाही.
साहेबानं घड्याळ पाहिलं.
सुटली.

धाकटा दीर त्या रात्री
घरी असून जेवला का नाही,
हे दप्तरात कुठंच नाही.

साखर पेठेत पुढं चाळीस वर्षं
तिच्या हातचं पाणी कुणी प्यालं नाही.
निळी लुगडी मात्र तिच्याचकडून.
रंग जात नाही म्हणून.