मधली सतरा वर्षं

हामादा बंदरामागे माझी एक पत्र्याची शेड आहे.
तिथे मी ट्रक पिकत ठेवतो,
अढीत फळं घालावीत तसे.
पांढरे, बुटके, साडेसहाशे सीसीचे,
भाताच्या बांधावरून जन्मभर तिरके चाललेले.

दाराच्या चौकटीवर एक पट्टी असते.
बोटाने धूळ पुसून मी आधी महिना वाचतो, मग वर्ष.
इंजिन नंतर. गंज त्याच्याही नंतर.
मालकाचं नाव सगळ्यात शेवटी,
चहा आल्यावर.

कारण अमेरिकेत कायदा असा, की
पंचवीस वर्षं पुरी झाली त्या महिन्यापासून
परदेशी गाडीला कोणी विचारत नाही
धडकलीस तर काय होईल म्हणून.
इथे जो भंगारात निघाला
तो तिथे वयात येतो.

आणि मोंबासाच्या गोदीत उलटं :
आठ वर्षांहून जुनी गाडी उतरूच देत नाहीत.
माझा मेहुणा तिकडचा व्यापार बघतो.
एका देशाला कोवळं हवं, एकाला निबर.
मधली सतरा वर्षं कोणालाच नकोत.
ती इथे राहतात,
खताची पोती वाहत, दवाखान्यात जात.

येन घसरला तेव्हा टीव्हीवरचे लोक हळहळत होते.
मी कॅल्क्युलेटर घेऊन अंघोळीला गेलो होतो.

मग एका राज्याने नोंदणी थांबवली.
कागद आला, सेहेचाळीस पानी.
शेडमध्ये एकोणीस ट्रक, आणि बँकेचे हाकाता साहेब
माझ्याकडे बघायचे ते हल्ली जरा आजाऱ्यासारखे.
दोन रात्री यंत्राकडून भाषांतर करून घेत बसलो.
‘रस्ता’ या शब्दाची व्याख्या तीन पानांची होती.
तिसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं :
शेत ओलांडताना लागला तर तो रस्ता नव्हे.
धंदा असाच कुठेतरी तळाशी असतो.
दुसऱ्या दिवशी मी फक्त शेतकऱ्यांना पत्रं लिहिली.

इसोगाई बाईंकडे मार्चमध्ये गेलो, ओनानच्या डोंगरात.
वय एक्याऐंशी. दारावर नवऱ्याच्या हातची अक्षरं :
‘इसोगाई तोफू’, अर्धी उडालेली.
“ही खरवडून देऊ का?”
नको, म्हटलं, तिकडे अक्षरांचे जास्त पैसे मिळतात.
“वाचणार कोण?”
कोणीच नाही, म्हटलं.
त्या बराच वेळ हसत राहिल्या. मग पट्टी दाखवली. नोव्हेंबर.
“म्हणजे आठ महिने अजून माझाच.”
विसार घेतला, मोजला, पुन्हा मोजला,
आणि विचारलं, हे पंचविशीचं काय आहे, नीट सांगा.
मी सांगितलं. चहा चांगला होता. बहुतेक जरा जास्तच सांगितलं.

नोव्हेंबरात गेलो तर अंगणात नऊ ट्रक.
प्रत्येकाच्या वायपरला सुतळीने पुठ्ठा बांधलेला,
पुठ्ठ्यावर महिना, वर्ष, बाईंच्या अक्षरात.
खालच्या आळीतला सुतार, मधमाशीवाला, बंद शाळेचा शिपाई,
सगळ्यांशी आधीच बोलणी करून ठेवलेली.
“काल येन जरा सावरला,” त्या पर्सिमॉन सोलत म्हणाल्या,
“आज भाव ठरवायला नको. जेवून जा.”

जेवलो. दुसरं करण्यासारखं नव्हतंही काही.
परसात दहावा उभा होता, चिखलाने माखलेला, पुठ्ठ्याविना.
त्याची पट्टी मी पुसली, सवयीने. बारा वर्षं.
“तो नाही,” आतून आवाज आला,
“तो कामाचा आहे.”
अजून तेरा वर्षं आहेत त्याला, मी म्हटलं.
“मग तेव्हा या.”
आणि माझ्या बशीत
आणखी एक फोड ठेवली.