बॉनेट कोमट होतं

फोनवर एवढंच बजावलं होतं:
मी येईपर्यंत सुरू करू नका.
दीडशे मैल आले, मिल्क नदीचा पूल ओलांडून.
पायरीवर हॅल्वर ट्वेट, टोपी हातात.
बॉनेटवर तळवा ठेवला
तर कोमट.

काही बोलले नाही.
धंद्यानं मी नालबंद.
गिऱ्हाईक यायच्या आधी
घोडं फिरवून का आणतात ते मला कळतं.
लंगडं जनावर शंभर पावलं चाललं
की लंगडणं विसरतं.

तरी बघायचं ते बघितलंच.
फ्रिजवरची चुंबकी गाय रुमालात गुंडाळून
दारांच्या खालच्या कडेनं सरकवत नेली.
मागच्या चाकावर गाय गळून पडली.
तिथे पत्रा नव्हता. लांबी भरून वर रंग.
मग चेसीवर हातोडी, माझीच, नालेची:
पुढे टण्ण, मध्ये टण्ण,
मागच्या स्प्रिंगपाशी
थप्प.
गिअरचं तेल हुंगलं, करपलेलं नव्हतं.
झाकणाखाली साय नव्हती.
हौद्यातला ट्रेलरचा गोळा मात्र
घासून घासून आरसा झालेला.
ओढलंय. पुष्कळ ओढलंय.

दहा सिलिंडर, सहा पूर्णांक आठ लिटर, पेट्रोल.
“डिझेलवाले हसतील तुला,” हॅल्वर म्हणाला.
“हसू दे. कडाक्याच्या थंडीत ते
रात्रभर वायर लावून इंजिनं शेकत बसतात.
हा किल्लीला ओ देतो.”
आणि पितो किती?
त्यानं नदीकडे बघितलं.
“गॅलनला अकरा मैल. मागे गुरं असली की सात.”
हत्ती पोसायचा ठरल्यावर
घास कसले मोजायचे.

तिसऱ्या सिलिंडरचा प्लग एकदा
भर चढावर गोळीसारखा उडाला होता, आट्यांसकट.
ते त्यानं आपण होऊन सांगितलं.
बुश बसवल्याची पावतीही काढली,
तेलाच्या बोटांनी चार घड्या पडलेली.
म्हणून मग विचारलं:
सकाळी कुठे गेला होतात?

“कुठेच नाही.
आत बसलो होतो. हीटर लावून.”

खरं असेल. खोटं असेल.
एकाच माणसाच्या तोंडी
दोन्ही एकदम असायलाही हरकत नसते.
उद्या येते, म्हटलं. मला हा गार हवाय.

रात्री मोटेलात कॉर्लिस म्हणाली, सोड ताई,
ट्रक काय कमी आहेत?
मी कागदावर तीन ओळी लिहिल्या होत्या:
लांबी. थप्प. कोमट.
प्रत्येकीपुढे किती डॉलर पाडायचे, तेही.

सकाळी काचेवर बर्फाची जाळी.
हॅल्वर आधीच अंगणात, किल्ली पुढे केलेली.
फिरवली. घरघरला, पेटला,
आणि डाव्या बाजूनं, मागून,
टिक टिक टिक टिक,
कुणी नखानं पत्र्याचा डबा वाजवावा तसं.
मी सेकंद मोजत राहिले.
पन्नाशीला टिकटिक विरळ झाली,
नव्वदीला गेली.

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला,
“मॅनिफोल्डचा मागचा स्टड. तीन हिवाळे झाले.
काल सांगायला हवं होतं.”
काचेतल्या पुठ्ठ्यावरचा आठ हजार पाचशेचा आकडा
त्यानं स्वतःच खोडला,
खाली लिहिलं: सात सहाशे.

थप्पचं मी बोलले नाही.
लांबीचं तोही नाही.
नोटा त्यानं दोनदा मोजल्या,
शंभराची एक जुळून आलेली, ती सुटी करून मला परत दिली.

चिनूकच्या अलीकडेच काटा अर्ध्यावर.
मागून कॉर्लिस दिवे दाखवत होती, हळू, हळू.
मी मान ताणून, पाय लांब करून चालवत होते,
कारण सीट अजून तशीच होती
जशी सकाळी दार उघडल्यावर दिसली:
शेवटच्या खाचेपर्यंत मागे,
पाठ पार आडवी,
आणि मानेच्या जागी
घडी घातलेला लोकरी कोट.
तो परत द्यायचा राहिलाच.