तापाची वही

वही दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची.
खाट नंबर, नाव, सकाळचा ताप, रात्रीचा ताप,
आणि कडेला मीच आखलेला एक रकाना : शेरा.

एकतीस खाटा, मिरजेहून बेडगला जाताना डावीकडे.
पूर्वी इथं बेदाण्याचं शेड होतं.
पावसाळी हवेत भिंतींना अजून गंधकाचा वास सुटतो.
बेदाण्याला वारा लागतो, म्हणून चारी बाजू उघड्या होत्या.
म्हाताऱ्यांना गारठा नको,
म्हणून आम्ही विटा रचून त्या बुजवल्या.
तापाला तेच हवं होतं.

चार नंबर खोकला. मग पाच. मग थेट बारा.
आठ दिवसांत चौदा.
शेवंताबाई लोहार, ज्यांना ताटात लिंबाची फोड लागायचीच.
दादगोंडा मगदूम, ज्यांचा मुलगा फाटकाबाहेरून
"अण्णा, अण्णा" करत राहिला
आणि आतून ओ द्यायला मी एकटीच होते.
आणखी तिघं.
शेऱ्यात पाच वेळा एकच क्रियापद लिहिलं,
तेवढं लिंग बदलून.

दुसऱ्या सालच्या जूनमध्ये
नर्सबाई स्कूटीवरून आल्या,
पायांत निळी पेटी, पेटीत बर्फ.
एका बाटलीत दहा जणांचं,
आणि फोडली की चार तासांत संपवायची.

बाबालाल मुजावरांचं आधार कार्डच नव्हतं.
चाळीस वर्षं सतारीचे भोपळे तासून
बोटांवरच्या रेषा गेलेल्या.
"मशीन म्हणतंय असा माणूसच न्हाई,"
ते हसत म्हणाले, आणि बाही वर केली.
नर्सबाईंनी त्यांचं नाव हातानं लिहिलं.

अंबूताई मात्र भिंतीकडे तोंड करून पडल्या.
"माझं काय राह्यलंय आता? पोरांना द्या."
नऊ नंबरच्या मार्थाबाई, मिशन दवाखान्यात उभा जन्म गेलेल्या,
काठी टेकत आल्या.
"तुला कोण देतंय गं?
ही सुई दहा नंबरच्या खाटेला आहे,
फक्त तुझ्या दंडातून जायची आहे."
अंबूताईंनी दहा नंबरकडे पाहिलं.
तिथं सखूबाई तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या.
"घोरते मेली," म्हणाल्या, आणि उठून बसल्या.

सव्वीस जणांना तीन बाटल्या. चार उरले.
स्वयंपाकीण, वॉचमन,
दूध घालायला आलेला बिरू,
आणि चौथी मी.

दिवाळीआधी दुसरी सुई झाली.
रिकाम्या खाटांवर नवी माणसं आली, त्यांचीही झाली.

जानेवारीत, मागच्या बागेत द्राक्षं उतरत असताना,
ताप पुन्हा आला.
तोच, कपडे बदलून.
चार नंबर खोकला आणि माझं पेन हातातून सुटलं.

नऊ जण पडले.
एक गेल्या : गुणाबाई, वय त्र्याण्णव, आधीच अर्ध्या गेलेल्या.
सुई म्हणजे काही देव नव्हे. वहीत खोटं लिहायचं नाही.
पण बाकीच्या आठांपुढचा शेरा वाचा :
"कढण नको म्हणतात, पिठलं मागतात."
"रेडिओचा आवाज वाढवायला सांगितला."
"सखूबाईंच्या घोरण्याची तक्रार."

डॉक्टरांना विचारलं, विटाही आपण काढल्या होत्या ना,
मग श्रेय कुणाचं, वाऱ्याचं की सुईचं?
"दोघांचं. पण जास्त सुईचं," म्हणाले,
आणि चहा न घेताच पुढच्या गावाला गेले.

मार्च उजाडताना दादगोंडांचा मुलगा
द्राक्षांची पेटी घेऊन आला.
या वेळी फाटक उघडं होतं,
तरी तो बाहेरच थांबला.
"ताई, अण्णांना मिळाली असती तर?"

पाचचे एक झाले, हे मला सांगता येतं.
चौदाचे नऊ झाले, हेही.
जे झालं नाही ते कुठल्या रकान्यात लिहितात,
ते मला कुणी शिकवलेलं नाही.

पेटी आत घेतली. द्राक्षं मिठाच्या पाण्यात धुतली.
मुजावरचाचा रेषा नसलेल्या बोटांनी
एकेक मणी उचलून उजेडात धरत होते,
सतारीची खुंटी पिळून पाहावी तसा फिरवत,
आणि खायचं विसरत होते.